चीफच्या लॅटव्हियन ओव्या

चीफ वॉशिंग मशीनला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून, त्याची मूठ कानाशी धरून बसले होते. सेम्बावांगच्या त्या घरात मी पाहिलेलं हे पहिलं दृश्य. मी दारात सूटकेस घेऊन उभी होते आणि हे गृहस्थ डॉक्टरसारखे डोळे मिटून मशीन तपासत होते.

"बेअरिंग जाणार आहे. दोन महिने फार तर," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ओवी येते?"

"काय?"

"ओवी. जात्यावरची."

"नाही."

"मग येतं काय तुला?"

"डेटा मायग्रेशन," मी म्हणाले. पुण्याहून परदेशी नोकरीचा परवाना, नवा कोरा एम्प्लॉयमेंट पास, घेऊन आलेली मी, दुसरं काय सांगणार?

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, पोरगी दारात उभी आहे. आधी आत येऊ द्या, मग नापास करा."

त्या काकू. त्यांच्यामुळे मला खोली मिळाली. मी त्यांना काकू म्हणाले ते त्यांना चाललं. चीफना काका म्हणाले तर ते म्हणाले, "मी तुझ्या बापाचा भाऊ नाही. चीफ म्हण." जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते आणि ती पदवी त्यांनी घरी आणून ठेवली होती. शेजारचे चिनी आजोबाही त्यांना चीफच म्हणत. सहा महिन्यांसाठी घेतलेल्या त्या खोलीत मी सहा वर्षं राहिले.

घर त्यांनी इंजिनरूमसारखं चालवलं. फ्रीजचं तापमान, पंख्याचा आवाज, नळाचा दाब, सगळ्याची दर चार तासांनी वहीत नोंद. जाता येता कुठल्याही यंत्राला तळहाताची मागची बाजू लावून बघायची खोड. नळाचा वायसर बदलला तर जुना वायसर सुतळीने बांधून, चिठ्ठी लावून, नव्याच्या शेजारी टांगून ठेवायचे. "नवा नीट चालतोय हे कळेपर्यंत जुना फेकायचा नाही," हे त्यांचं ब्रीद. नवा नीट चालतोय हे त्यांना कधीच कळायचं नाही, त्यामुळे सिंकखाली जुन्या वायसरांची माळच तयार झाली होती. काकू तिला 'सवतीचं मंगळसूत्र' म्हणत.

पण चीफचं खरं वेड वेगळंच होतं. या माणसाला लॅटव्हियन येत होतं.

लॅटव्हिया हा चिमुकला देश नुकताच स्वतंत्र झाला होता तेव्हाची गोष्ट. चीफ त्या वेळी सेकंड इंजिनिअर होते. त्यांची कंपनी बुडाली आणि जहाज व्हेंटस्पिल्स नावाच्या बंदरात अडकून पडलं. सगळा हिवाळा. बंदरावर खलाशांचा एक क्लब होता, त्याचा बॉयलर यांनी दुरुस्त करून दिला. क्लब सांभाळणारी म्हातारी त्याच्या बदल्यात यांना रोज गरम सूप द्यायची आणि हातमोजे विणता विणता चार चार ओळी म्हणायची. यांनी एकदा विचारलं, हे काय म्हणतेस? तिने खुणांनी अर्थ सांगितला. हे चाट पडले. सासरी दिलेली मुलगी, आईची आठवण, दळण, भावाची वाट. बायकोची आई कोरेगावला जात्यावर म्हणायची तेच की सगळं! जहाज सुटलं तेव्हा चीफना ती भाषा मोडकीतोडकी येत होती आणि बॅगेत पगाराऐवजी पुस्तकं होती.

"आपल्या पुण्यात जेवढी माणसं राहतात तेवढीही त्या देशात नाहीत," ते मला सांगायचे. "आणि गाणी किती? लाखांनी. एका दाढीवाल्या म्हाताऱ्याने आयुष्य घालवलं त्यात. एकेक गाणं एकेका चिठ्ठीवर. चिठ्ठ्यांसाठी लहान लहान खणांचं कपाट करून घेतलं. त्या कपाटावर त्यांचं सगळं साहित्य उभं आहे. आधी कपाट, मग कवी."

असं कपाट चीफकडेही होतं. सेम्बावांगच्या गोदीतून भंगारात निघालेलं, सुट्या भागांचं लोखंडी कपाट. साठ खण. खणांवरच्या जुन्या पट्ट्या त्यांनी काढल्या नव्हत्या. त्यामुळे लग्नाची गाणी 'गॅस्केट'मध्ये, दळणाची 'बेअरिंग'मध्ये आणि अनाथ मुलींची 'ओ-रिंग'मध्ये. त्या लोकांत अनाथ मुलींची गाणी फार. "बिचाऱ्या पोरींना नेऊन कुठे कोंबलंय बघ," काकू म्हणायच्या.

काम कसं चालायचं ते सांगते. चीफ चिठ्ठीच्या वरच्या भागात निळ्या शाईने गाण्याचा अर्थ लिहायचे. सरळ, कोरडा. मग ती चिठ्ठी फ्रीजच्या दाराला चुंबकाने लावायचे. काकू पोळ्या लाटताना, दूध तापवताना ती वाचायच्या, पुटपुटायच्या आणि कधीतरी हात पुसून खाली पेन्सिलने ओवी लिहायच्या. एकदा चीफनी लिहिलं होतं, 'मला नदीपलीकडे दिलं. तिथून आईच्या घरचा धूर दिसतो.' काकूंनी खाली लिहिलं,

नदीच्या पैलतीरी, दिलं बाई मला दूर
माउलीच्या चुलीचा गं, दिसतो नुसता धूर

महिन्याने त्याच गाण्याची आणखी एक चिठ्ठी फ्रीजवर दिसली.

नदीच्या पाण्याला ह्या, उतार काही होईना
धूर दिसतो चुलीचा, आई काही दिसेना

"यातली खरी कुठली?" मी विचारलं.

"दोन्ही," काकू म्हणाल्या. "पहिली अशीच एका सकाळची आहे. दुसरी, टॅम्पिनीसला दिलेल्या लेकीचा आठवडाभर फोन नव्हता ना, तेव्हाची."

अशा एकेका गाण्याच्या चार चार, आठ आठ ओव्या होत्या. चीफ त्यांना कधी विचारायचे नाहीत की शेवटची कुठली धरू. "बाई जात्याशी बसली की त्या दिवशीचं जे असेल ते म्हणते," ते म्हणायचे. "लिहून घेणाऱ्याने लिहून घ्यावं." भांडण झालंच तर वस्तूंवरून व्हायचं. काकूंनी ओवीत 'राय' धान्याच्या पावाची भाकरी केली की चीफ चिडायचे, "अगं, तो पाव भट्टीत भाजतात!" काकू म्हणायच्या, "तुमच्या त्या बाईला भाकरी थापता येत नसेल तर तिचं नशीब." भाकरीच राहायची.

नाव असलेल्या कवींचे अनुवाद मात्र चीफ स्वतः करत. ते भयंकर होत. काकू वाचून परत देत आणि म्हणत, "हे पंपाचं मॅन्युअल झालंय." चीफ निमूट घेत. बायकोचं एवढं ऐकणारा चीफ इंजिनिअर मी दुसरा पाहिला नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एकदा त्यांना बोलावलं होतं. विषय 'माझे सागरी अनुभव', वेळ दहा मिनिटं. हे चाळीस मिनिटं लॅटव्हियन कवींवर बोलले. हॉलमध्ये पोरं पळापळ करतायत, मागे मोदकांची ताटं निघालीयत आणि हे सांगतायत की तिथले जर्मन जमीनदार त्या भाषेला कुळांची बोली म्हणायचे. तिच्यात काव्य होऊच शकत नाही म्हणायचे. मग त्या कुळांचीच पोरं शिकली आणि त्यांनी त्याच बोलीत कविता, नाटकं, कादंबऱ्या लिहून दाखवल्या. देश नंतर झाला. आधी पुस्तकं झाली. पुढे राज्यं आली गेली, माणसं सैबेरियात नेऊन टाकली, तिथे कागद नव्हता तर त्यांनी झाडाच्या सालीवर लिहिलं.

"चीफ, वादळाचं सांगा!" कुणीतरी ओरडलं.

"तेच सांगतोय," चीफ म्हणाले.

शेवटी त्यांनी एका जोडप्याची गोष्ट सांगितली. नवराबायको दोघं कवी. ती आधी प्रसिद्ध होती. दोघांनी वर्षानुवर्षं परमुलखात हद्दपारी काढली, एकमेकांचं लिखाण वाचलं, सुधारलं. पण देशाने डोक्यावर घेतलं ते नवऱ्याला. तिचा त्यात वाटा किती, हे लोकांनी फार उशिरा विचारलं. "माझं पुस्तक होईल तेव्हा ही चूक होणार नाही," चीफ माइकवर म्हणाले. "मुखपृष्ठावर हिचं नाव आधी, माझं खाली, बारीक." काकू दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय ते मला दिसलं नाही. एवढं खरं की परत येताना एमआरटीच्या गाडीत काकूंनी सेम्बावांगपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

त्यानंतरच्या वर्षी काकू गेल्या. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेल्या आणि सहा आठवड्यांत सगळं संपलं. शेवटची चिठ्ठी बरेच दिवस फ्रीजवर तशीच होती. वर निळा अर्थ, खाली कोरं. चीफ रोज तिच्यासमोर उभे राहून दूध पीत.

लेक म्हणाली, बाबा, आता टॅम्पिनीसला चला. चीफ म्हणाले, पुस्तक झालं की येतो. आता पुस्तकाशिवाय त्यांना दुसरं काही उरलं नव्हतं. पहिला भाग काकूंच्या ओव्या, दुसरा भाग कवी. नातीने तिच्या इथल्या इंग्रजीत विचारलं, "आजोबा, हू विल रीड दिस वन लाह?" चीफ म्हणाले, "तू. मराठी शिकलीस की." नात हसली. चीफ हसले नाहीत.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली आणि त्यासाठी ते तीन आठवडे लेकीकडे गेले. जाताना मला म्हणाले, "तुझं ते कॉम्प्युटरचं काम माझ्यासाठी एकदा कर. सगळ्या चिठ्ठ्या टाइप करून ठेव. स्वच्छ यादी कर."

मला फार आनंद झाला. या घराचं मी काही देणं लागत होते आणि ते फेडायची हीच संधी, असं वाटलं. मला जे येतं ते अखेर यांच्या कामी येणार.

माझं काम काय, तर बँकेच्या ग्राहकांच्या याद्या साफ करणं. एकच माणूस तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी नोंदलेला असतो. त्या नोंदी शोधायच्या, शेवटची नोंद खरी धरायची, आधीच्या काढून टाकायच्या. हे मी रोज करत होते. हात आपोआप चालत. मी साठही खण जमिनीवर ओतले. अर्थ जुळवून गठ्ठे केले. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात चीफनी क्रमांक घातलेला, त्यामुळे शेवटची कुठली हे शोधणं सोपं गेलं. ती टाइप केली, खणात ठेवली. बाकीच्या पिशवीत. दोन शनिवार-रविवार मी जेवायलाही उठले नाही. चार पिशव्या भरल्या. त्या मजल्यावरच्या कचऱ्याच्या चुटमध्ये, थेट तळाशी जाणाऱ्या नळकांड्यात, मी माझ्या हाताने ढकलल्या. बारा मजले खाली जाताना पिशवीचा आवाज येतो. तो ऐकून मला, खरं सांगते, हलकं वाटलं होतं.

काकूंनी मला स्वतः सांगितलं होतं. 'दोन्ही' म्हणाल्या होत्या. मी ऐकलं होतं, हसले होते आणि विसरले होते. शिकलेल्या माणसाचा हा मूर्खपणा अडाणी माणसाला जमणार नाही.

चीफ नव्या डोळ्यांनी परत आले. चष्म्याशिवाय घर बघून खूश झाले, भिंतीला रंग हवाय म्हणाले. मी छापून काढलेली यादी त्यांच्या हातात दिली. तिच्यावर काकूंचं नाव वर, मोठं. त्यांनी नावावरून बोट फिरवलं. मग कपाटाकडे गेले आणि 'गॅस्केट'चा खण ओढला. तो खण नेहमी अडायचा, हिसका द्यावा लागायचा. त्या दिवशी तो सुळकन बाहेर आला आणि हिसक्यामुळे चीफच दोन पावलं मागे गेले.

त्यांनी दुसरा ओढला. तिसरा.

"बाकीच्या?"

"डुप्लिकेट होत्या, चीफ. काढल्या."

"बरं. काढून ठेवल्यास कुठे?"

काढलेला भाग कुणी फेकून देईल हे त्यांच्या कल्पनेतच नव्हतं. माझी नजर दाराकडे गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या चुटकडे पाहिलं. आम्ही लिफ्टने खाली गेलो. खालची कचऱ्याची खोली धुऊन कोरडी झाली होती. गाडी रोज सकाळी येते, आणि मी पिशव्या टाकून दहा दिवस झाले होते. चीफ तिथे उभे राहिले. त्या लोखंडी दाराला त्यांनी तळहाताची मागची बाजू लावली, काय बघत होते कुणास ठाऊक.

"माझी चूक," ते म्हणाले. "मीच म्हणालो, स्वच्छ कर."

त्यांनी मला एक थोबाडीत मारली असती तर मी आज जरा बऱ्या झोपेची धनी असते. ते वर आले, हात धुतले, आणि जेवताना म्हणाले की आजच्या वालाला मीठ बरोबर पडलंय.

दुसऱ्या दिवसापासून ते गेलेल्या ओव्या आठवायला बसले. मूळ लॅटव्हियन त्यांना पाठ. अर्थ पाठ. निळा भाग ते धडाधड लिहायचे आणि पेन्सिलीशी येऊन थांबायचे. रोज संध्याकाळी मी कामावरून आले की एक चिठ्ठी पुढे करायचे. मी म्हणायचे, "छान आहे, चीफ." ते म्हणायचे, "खोटं बोलू नकोस. ही इंजिनिअरची ओवी आहे." आणि खोडायचे. वर्षभर हे चाललं. एकही चिठ्ठी कपाटात गेली नाही.

लेकीला मी सगळं सांगितलं. लपवणं शक्य नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या लग्नाच्या वेळच्या होत्या का गं त्यांत?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी वाचल्याच नाहीत. फक्त अर्थ जुळतो का ते पाहिलं."

यापेक्षा लाजिरवाणं वाक्य मी आयुष्यात बोललेली नाही.

मग चीफच्या नोंदी चुकायला लागल्या. फ्रीजचं तापमान ते दिवसातून दहा वेळा लिहायचे. एकदा मला 'थर्ड इंजिनिअर' म्हणून हाक मारली. पुढे दूध गॅसवर ठेवून खाली उतरले आणि व्हेंटस्पिल्सच्या क्लबचा रस्ता विचारत फिरले. लेक येऊन घेऊन गेली. सेम्बावांगचं घर गेलं. कपाट टॅम्पिनीसच्या घरात, नातीच्या खोलीत, तिच्या पुस्तकांच्या शेजारी उभं राहिलं. मी दुसरीकडे राहायला गेले.

आता दर रविवारी सकाळी मी तिकडे जाते. मी वाचलं की ते जेवतात, असं लेक म्हणते. ते बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसतात. मी कोण हे त्यांना आठवत नाही, पण मी वाचायला येते हे आठवतं. मी काय केलं तेही ते विसरलेत. त्यांच्या लेखी सगळ्या चिठ्ठ्या जागच्या जागी आहेत, आणि हेच मला सोसत नाही. मी एक ओवी वाचते. ते डोळे मिटून ऐकतात, मान हलवतात आणि विचारतात, "आणि दुसरी?"

"एकच आहे, चीफ."

"असं कसं? दोन-चार तरी असतील. बघ नीट."

मी खण ओढते, नीट बघितल्यासारखं करते, पुढची वाचते. पुन्हा, "आणि दुसरी?" चाळीस ओव्या वाचल्या की चाळीस वेळा. लेक आतून ऐकत असते.

गेल्या रविवारी एक चिठ्ठी निघाली. वर निळ्या शाईत, 'तो समुद्रावर गेला आहे, दाराला कडी घालू नका.' खाली काकूंची पेन्सिल.

लावू नका कडी, बाई, उघडं ठेवा दार
दर्यावरच्या माणसाची, वाटच असते फार

"आणि दुसरी?"

मला एकदम सहन होईना. मी रिकाम्या खणात बघत, वाचत असल्यासारखं, मनानेच रचून म्हटलं,

उघडं ठेवा दार, दिवा लावा ओटीवरी
येईल माझा धनी, आज ना उद्या घरी

माझ्या मानाने बरी जमली होती. यमकही जुळलं होतं. चीफनी डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडे, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"ही तिची नाही," ते शांतपणे म्हणाले. "ती वाट बघायची, 'येईल' असं कधी म्हणायची नाही. मी सत्तावीस वर्षं बोटीवर होतो."

मी रिकामा खण आत ढकलला.

"तिची वाच," ते म्हणाले.